टांगत्या कुंड्यांचं लॉगबुक

नागपूरच्या बेसा भागातल्या आमच्या सोसायटीत बाल्कनीच्या कठड्यावर कुंडी ठेवायला बंदी आहे. ती पडून खालच्या माणसाचं डोकं फुटेल, असं नोटिशीत लिहिलं आहे. खरं कारण खालच्या माणसाची नवी गाडी आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. बाल्कनीच्या जमिनीवर कूलरचा लोखंडी स्टँड, कपडे धुण्याचं मशीन आणि माझ्या नवऱ्याची व्यायामाची सायकल आहे. त्या सायकलवर आजवर फक्त टॉवेल वाळले आहेत. त्यामुळे जानेवारीत माझ्या सासऱ्यांनी टमाटर लावायचे ठरवले, तेव्हा जागा एकच उरली होती. वरची.

ड्रिलवाला आला, स्लॅबला तीन हुक बसवून गेला. जाताना प्रत्येक हुकाला स्वतः लोंबकळून दाखवलं. आमचा विश्वास बसला, सासऱ्यांचा बसला नाही. त्यांनी प्रत्येक हुकाला पाण्यानं भरलेली बादली टांगली आणि जमिनीपासूनचं अंतर टेपनं मोजून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं. बादल्या होत्या तिथंच होत्या.

"आता लाव," ते म्हणाले.

त्यांची नोकरी कोराडीच्या पॉवर हाऊसमध्ये झाली, पाण्याच्या प्रयोगशाळेत. बॉयलरमध्ये जाणारं पाणी किती शुद्ध आहे, हे दर तासाला तपासायचं आणि लिहून ठेवायचं. पाण्यात क्षार राहिले तर बॉयलरच्या नळ्यांना आतून थर चढतो, नळी फुटते आणि मग मोठमोठी माणसं मोठमोठ्यानं बोलू लागतात. त्यांच्या पाळीत असं कधी झालं नाही. अर्थात, जे झालं नाही त्याबद्दल कुणी शाल देत नाही. निवृत्तीनंतर त्यांनी तिथल्याच कॉलनीच्या बाहेर दोन खोल्यांचं घर बांधलं. सासूबाई गेल्यावर ते तिथं एकटेच राहत. अंगणात चार झाडं होती. पानांवर पॉवर हाऊसची राख बसते म्हणून ते रोज सकाळी पानं ओल्या फडक्यानं पुसत. टमाटराला ते जुन्या सवयीनं भेदरं म्हणत.

डिसेंबरच्या शेवटी ते न्हाणीघरात पडले. शेजाऱ्यांनी दार तोडलं. डॉक्टरांनी पाकिटातल्या गोळ्या मोजल्या आणि सांगितलं की रक्तदाबाची गोळी दोनदा घेतली गेली आहे. एकदा घेतल्याचं विसरून पुन्हा. हाड मोडलं नाही, पण आमच्या घरात एक शब्द मात्र शिरला, तो म्हणजे "दोनदा". माझ्या नवऱ्यानं त्यांना बेसाला आणलं. उन्हाळाभर इथं राहायचं, मग पाहू, असं ठरलं. सगळं ठीक असेल तर ते परत कोराडीला जातील. नसेल तर ते घर विकायचं. ठीक म्हणजे काय, हे कुणी ठरवलं नव्हतं. थोडक्यात, परीक्षा होती, अभ्यासक्रम नव्हता.

परीक्षा आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून कळलं होतं. टमाटर त्यासाठीच होते, असं मला आता वाटतं. तेव्हा वाटलं, म्हाताऱ्या माणसाला वेळ घालवायला काहीतरी हवं.

रोपं त्यांनी नर्सरीतून स्वतः निवडून आणली. सहा पाहिली, तीन घेतली. तारेच्या टोपल्या, आत नारळाच्या काथ्याचं अस्तर, त्यात माती, शेणखत, वाळलेला पाला. प्रत्येक टोपलीत एक रोप. झाड वर न वाढता टोपलीच्या काठावरून खाली लोंबावं अशी ही बुटकी जात होती. झाडाला खाली वाढू द्यायचं हे त्यांना सुरुवातीला पटत नव्हतं.

"हे उलटंच काम आहे वं बाई," ते म्हणाले. "पण ठीक आहे. सोसायटीचा नियम आहे म्हणते, तर झाडालेही पाळावं लागंन."

आणि मग त्यांनी एक जुनी डायरी मागितली. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते. आमच्याकडे दरवर्षी कुठून तरी भेट म्हणून डायऱ्या येतात, ज्यांच्या पहिल्या पानावर देणाऱ्याचा फोटो असतो आणि बाकी पानांवर काहीच नसतं. त्यातली एक त्यांना दिली. त्यांनी फोटोचं पान काळजीपूर्वक फाडलं आणि दुसऱ्या पानावर रकाने आखले. वेळ, पाणी, नोंद, सही.

लॉगबुक लिहिण्याची रीत त्यांनी मला पहिल्याच संध्याकाळी शिकवली. मी विचारलं नव्हतं. काम केल्यावर लगेच लिहायचं, नंतर आठवून नाही. चूक झाली तर खोडायचं नाही, रबर तर मुळीच नाही. चुकीच्या नोंदीवर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी. वर बरोबर नोंद लिहायची आणि दुरुस्त करणाऱ्यानं सही करायची.

"काहून?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

"चूक दिसली पायजे ना. खोडून टाकली तर मागून येणाऱ्याले कसं समजंन का इथं पाय घसरते?"

पाळी बदलताना येणारा माणूस जाणाऱ्याला तीन प्रश्न विचारायचा, तेही त्यांनी सांगितलं. चालू काय? बंद काय? संशयाचं काय? तिन्ही उत्तरं मिळाली की वहीत सही करायची, म्हणजे चार्ज घेतला. तिसऱ्या प्रश्नाला कुणी "काही नाही" म्हणालं, तर ते मुद्दाम पुन्हा विचारत. आठ तासांत एकही संशय आला नाही असा माणूस झोपला असला पाहिजे, असं त्यांचं मत होतं. मी ग्रंथालयात अशी माणसं रोज पाहते, पण ती बहुतेक वरच्या मजल्यावर बसतात.

फेब्रुवारीत फुलं आली, मार्चच्या सुरुवातीला गोळीएवढी हिरवी फळं. आमच्याकडे नळाला महापालिकेचं पाणी सकाळी तासभर येतं, बाकी दिवसभर बोअर. ते सकाळी नळाची निळी बादली अर्धी भरून बाल्कनीत ठेवत. दिवसभर पाणी निवळू द्यायचं. संध्याकाळी साडेपाचला मगानं मोजून प्रत्येक टोपलीला पाणी, आणि लगेच वहीत नोंद. "पाणी दिले. तीन मग." सही. ही सही पूर्ण आडनावासकट असायची. टमाटराच्या झाडाला इतक्या औपचारिकपणे पाणी देणारा माणूस नागपुरात दुसरा नसेल.

मार्चच्या मध्याला कूलर लागले. इथल्या कूलरबद्दल नागपूरबाहेरच्या माणसाला सांगायचं तर, ही एक मोठी पत्र्याची पेटी असते. तिच्या टाकीतलं पाणी पंप वर चढवतो, ते बाजूच्या गवतावरून ओघळतं आणि पंखा त्यातून हवा ओढतो. दिवसभरात पाणी उडून जातं, मग आपण पाइप लावून पुन्हा भरतो. दोन-तीन दिवसांनी तळाचं पाणी वास मारू लागतं, ते काढून टाकावं लागतं. दुपारी कॉलेजातून आल्यावर हे काम माझं.

सोसायटीनं त्याच आठवड्यात लिफ्टमध्ये "पाणी वाचवा" असा कागद लावला होता. खाली एका हसऱ्या थेंबाचं चित्र होतं. मला हसऱ्या थेंबांचा तसा राग येतो. तरीही काढलेलं अर्धी बादली पाणी मोरीत ओतायला हात होईना. समोर निळी बादली अर्धी रिकामी होती, सासरे आत झोपलेले होते. मी कूलरचं पाणी तीत ओतलं. पाणी ते पाणी. नंतर एक दिवसाआड ओतत राहिले आणि स्वतःवर थोडी खूशही राहिले. हे त्यांना सांगावं असं मला सुचलं नाही, कारण यात सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही.

मार्च संपताना पहिलं फळ लाल व्हायला लागलं. सासऱ्यांनी ते तळाकडून पाहिलं. टोपली टांगलेली असल्यानं फळाचं बूड आपल्या डोळ्यासमोरच येतं. बुडाशी काळा, चपटा डाग होता, चामड्यासारखा. दुसऱ्या दिवशी आणखी दोन फळांना, मग जवळजवळ सगळ्यांना. पानांच्या कडाही जळाल्यासारख्या दिसत होत्या. ते स्टुलावर बसून कितीतरी वेळ वर पाहत राहिले.

"काय झालं असेल?" मी विचारलं.

"समजून नाही राहिलं," ते म्हणाले. असं वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

नवऱ्याला मात्र रात्रीच्या जेवणापर्यंत समजलं होतं. तो मोबाईलवर दीड मिनिटाचा व्हिडिओ पाहून आला होता. "बाबा, पाणी जास्त झालं. झाड सडतं त्यानं."

"तीन मग देतो, गा. रोजचे."

"एकदाच देता?"

ताटातली पोळी मोडत असलेला त्यांचा हात थांबला. "वहीत लिहिलं आहे."

"लिहिलं एकदा असेल, बाबा. दिलं दोनदा असेल." तो हे वाईट मनानं बोलला नाही. न्हाणीघराचं तुटलेलं दार त्यानं पाहिलं होतं, मी नव्हतं पाहिलं. पण शब्द ताटांच्या मधोमध पडला आणि कुणी तो उचलला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं एका घरांच्या दलालाला फोन केला. फक्त भाव विचारायला, असं मला सांगितलं. फक्त भाव विचारायला केलेल्या फोनवर माणूस इतका वेळ हळू आवाजात बोलत नाही. महिन्याच्या शेवटच्या रविवारी दलाल कोराडीचं घर बघणार होता.

मला खरं कारण एप्रिलच्या एका सोमवारी कळलं. ग्रंथालयात परत आलेल्या पुस्तकांत भाजीपाल्याच्या शेतीचं एक पुस्तक होतं. टमाटराचं पान मी सहज उघडलं. बुडाशी काळा डाग: फळाला चुना पोचत नाही. कारणं दोन-तीन दिली होती. पाणी कधी कमी, कधी जास्त देणं हे एक. दुसरं, खारं पाणी; खारामुळे मुळांना चुना ओढता येत नाही.

मी ते पुस्तक कपाटात लावलं, चुकीच्या कपाटात लावलं, पुन्हा काढून बरोबर लावलं. आमच्या बोअरचं पाणी इतकं खारं आहे की नळाच्या तोट्यांवर पांढरा थर चढतो. कूलरमध्ये तेच पाणी रोज उडतं. उडतं ते फक्त पाणी, खार खालीच राहतो, मग वरून नवं खारं पाणी. मी दोन-तीन दिवसांचा सगळा खार गोळा करून झाडांना पाजत होते. घरी आल्यावर बादली उलटी करून पाहिली. आतून पांढरी रेघ होती. काथ्याच्या कडेलाही पांढरा चुरा धरला होता. शाळेतल्या मुलालाही कळलं असतं. मी ग्रंथपाल आहे.

त्या दिवसापासून कूलरचं पाणी मोरीत जाऊ लागलं. पण मी कुणाला काही बोलले नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, अकरा दिवस.

या अकरा दिवसांचं समर्थन मी तेव्हा बरंच सुबक केलं होतं. ते एकटे राहिले आणि पुन्हा पडले तर? गोळी तर खरंच दोनदा घेतली होती ना? टमाटरांनी नाही सांगितलं तरी डॉक्टरांनी सांगितलंच होतं. इथं ते सुरक्षित आहेत. एक चूक उघड करून मी त्यांना धोक्यात का घालू? हे सगळं खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. मुलगी शिकायला बाहेरगावी गेल्यापासून दुपारी घरी आल्यावर मला बोलायला कुणी नव्हतं. आता चार वाजता चहा घेताना समोर एक माणूस असायचा, जो पाण्याच्या चवीवरून विहीर ओळखण्याच्या गोष्टी सांगायचा आणि माझ्या कॉलेजातल्या समारंभांवर माझ्यापेक्षा बोचरं बोलायचा. ते जाऊ नयेत असं मला वाटत होतं. आपल्याला सोयीचं असतं ते आपण दुसऱ्याच्या भल्याचं म्हणून सांगतो. ही गोष्ट मी इतरांच्या भाषणांत लगेच ओळखते.

त्यातच एका रविवारी सोसायटीची "हरित बाल्कनी" स्पर्धा झाली. सचिव, त्यांच्यामागे फाइल घेतलेल्या एक बाई आणि त्यांच्यामागे फोटो काढणारा असं मंडळ दारोदार फिरत होतं. सचिवांच्या छातीवर कापडाचं फूल होतं. आपल्याच इमारतीत फिरताना छातीवर फूल का लागतं, हे मी विचारलं नाही. त्यांनी बाल्कनीत येऊन वर पाहिलं. काळ्या बुडांचे टमाटर बरोबर त्यांच्या टाळूवर लोंबत होते.

"वा! व्हर्टिकल गार्डन!" सचिव म्हणाले. "काका, ह्या वयात तुम्ही निसर्गाशी जे नातं जोडलंय, ते आमच्या तरुण पिढीला..." पुढचं वाक्य फोटोवाल्याकडे बघून पूर्ण झालं.

फाइलवाल्या बाई जरा जवळून बघत होत्या. "काका, हे असे काळे का झालेत? सांगा ना, लोकांना टिप म्हणून लिहू."

सासरे हात मागे बांधून उभे होते. प्रयोगशाळेत साहेब आल्यावर उभे राहत असतील तसे.

"पाणी दोनदा पडते म्हणते," ते म्हणाले. "माह्या हातानं. मले काही आठवत नाही, पण पडत असंन."

बाईंनी ते लिहून घेतलं. पाणी बेतानं द्यावे, अशी टिप झाली असणार. मी दोन पावलांवर चहाचे कप घेऊन उभी होते. कप खाली ठेवले. एवढंच केलं. पहिलं बक्षीस दुसऱ्या विंगेतल्या एका बाल्कनीला मिळालं. तिथं हिरवं कृत्रिम गवत अंथरलेलं होतं आणि वेल प्लास्टिकचे होते. ते कधीच काळे पडत नाहीत.

त्यानंतर पाच दिवसांनी, शुक्रवारी, सासरे दुपारी झोपले असताना मी त्यांची वही उघडली. काय शोधत होते कोण जाणे. पानामागून पान तेच अक्षर, जरा थरथरतं पण सरळ. "पाणी दिले. तीन मग." सही. "पाणी दिले. तीन मग." सही. स्पर्धेच्या रविवारनंतर नोंद बदलली होती. सोमवारी: "पाणी दिले?" मंगळवारी: "पाणी दिले? बहुतेक दिले." बुधवारी फक्त "?" आणि त्यापुढं सही. गुरुवारी नोंदीच्या जागी लिहिलं होतं: "फळे खराब. कारण पाणी जास्त. चूक माझी." आणि सही करायची राहिली होती. किंवा केली नव्हती.

आयुष्यभर दर तासाला नोंद करणाऱ्या माणसानं वहीत प्रश्नचिन्ह लिहिलं होतं. त्यांची स्मृती जात होती की नाही, मला माहीत नाही. पण तिच्यावरचा त्यांचा विश्वास आम्ही काढून घेतला होता, जेवणाच्या टेबलावर, अगदी हळू आवाजात. आणि तो परत देण्याचं साधन माझ्याकडे पडून होतं.

मी पेन घेतलं. गुरुवारच्या नोंदीवर एक आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. वर लिहिलं: "कारण खारे पाणी. कूलरचे. मार्चपासून बादलीत मी ओतत होते. मला मागच्या सोमवारी समजले, त्याला अकरा दिवस झाले. मी सांगितले नाही." आणि सही केली, पूर्ण आडनावासकट. ते आमच्या दोघांचं एकच आहे, हे सही करताना पहिल्यांदा लक्षात आलं.

साडेपाचला ते पाणी द्यायला उठले. मी स्वयंपाकघरात भांडी घासत होते. घासलेलीच पुन्हा घासत होते. बाल्कनीत मग टोपलीवर आपटल्याचा आवाज आला, मग खूप वेळ काही नाही.

"बाई," त्यांनी हाक मारली. मी गेले. वही त्यांच्या मांडीवर होती. ते चिडलेले नव्हते. त्यांचा चेहरा एखाद्या यंत्राचा बिघाड सापडलेल्या माणसासारखा होता. आधी यंत्राबद्दल समाधान, मग बाकीचं.

"दोन काचेच्या बाटल्या आण. आन् आंघोळीचा साबण. आन् त्या कूलरच्या टाकीतलं पाणी."

मी आणलं. त्यांनी एका बाटलीत बादलीतलं सकाळचं नळाचं पाणी घेतलं, दुसरीत कूलरचं. साबणाचा सारखा सारखा चुरा टाकला आणि दोन्ही बाटल्या सारख्या वेळ हलवल्या. पहिलीत फेस वर आला. दुसरीत फेस आलाच नाही, नुसत्या पांढऱ्या चिंध्या तरंगल्या. मग त्यांनी कूलरच्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं.

"बाबा, चूक माझी आहे," मी म्हणाले. "ओतलं ते एक. पण सांगितलं नाही, ते..."

"वाचलं मी." त्यांनी बाटली खाली ठेवली. "काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही परत जाल म्हणून."

त्यांनी बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. "तुह्या चहात साखर लय असते," ते म्हणाले. "नाही तं राहलो असतो."

मला हसावं की रडावं हे कळेना, म्हणून मी बाटल्या उचलल्या.

"थांब. माह्यीही चूक आहे." त्यांनी पेन मागितलं. "नाव न लावलेल्या भांड्यातलं पाणी घ्यायचं नाही, हे मी पोरायले शिकवलं. आन् इथं बादलीत कोणतं पाणी आहे, एक दिवस पाह्यलं नाही. जीभ लावली असती तरी समजलं असतं." माझ्या नोंदीखाली त्यांनी लिहिलं, "पाणी न तपासता दिले." आणि सही केली. मग मागची पानं उलटून सोमवारपासूनच्या प्रत्येक प्रश्नचिन्हावर एकेक रेघ मारली आणि वर लिहिलं, "पाणी दिले. तीन मग." बुधवारच्या नोंदीपाशी थांबले. "बुधवारचं मले खरंच आठवत नाही," ते म्हणाले आणि तिथलं प्रश्नचिन्ह तसंच ठेवलं.

जेवताना मी नवऱ्याला सांगितलं. त्यांनी सांगण्याआधी मी सांगितलं, एवढं मी माझ्या बाजूनं नोंदवते.

"म्हणजे दोनदा पाणी नव्हतं," नवरा म्हणाला.

"नव्हतं."

"पण गोळी?"

"गोळी दोनदा खाल्ली गा मी," सासरे म्हणाले. "ते खरं आहे. त्याच्यावर रेघ नाही मारत. पण एका गोळीवर सारा हिशोब नको लावू. भेदरायचं वेगळं, गोळीचं वेगळं. दोन बाटल्या एकात ओतशील तं काय तपासशील?"

"आणि पुन्हा पडलात तर?"

"पडंन. इथंही पडू शकतो. तुह्या त्या सायकलले अडकून."

नवऱ्यानं सायकलकडे पाहिलं. तिच्यावर टॉवेल होता. माझ्याकडे पाहिलं, मी भात वाढत होते. त्यानं दलालाला दुसऱ्या दिवशी फोन केला. या वेळी तो मोठ्यानं बोलला आणि अर्ध्या मिनिटात संपवला.

मे सुरू व्हायच्या आत आम्ही त्यांना कोराडीला सोडून आलो. न्हाणीघराला आतून कडी न लागणारं नवं दार बसवलं. दिवसांची नावं लिहिलेल्या खणांची गोळ्यांची डबी आणली. तीन टोपल्यांतली एक ते मांडीवर घेऊन गाडीत बसले. नव्या पाण्यावर तिला दोन फळं स्वच्छ आली होती, अजून हिरवी. बाकीच्या दोन त्यांनी माझ्याकडे ठेवल्या, वहीसकट. मे महिन्याच्या उन्हात त्या जगणार नाहीत हे त्यांना माहीत होतं, मलाही. हिरवी जाळी लावून पाहू म्हणाले. जगल्या नाहीत. तेही मी लिहिलं आहे.

निघताना अट त्यांनीच घातली. रोज सकाळी सात वाजता फोन, आणि गोळी फोन चालू असतानाच घ्यायची. ते डबीचा खण उघडतात, मला वार सांगतात, पाणी पितात. तोवर मी वही उघडून बसते. मग मी विचारते, कारण चार्ज मी घेत असते.

"चालू काय?"

"मी."

"बंद काय?"

"टीव्ही. बातम्या पाहून डोकं फिरते."

"संशयाचं काय?"

पहिले काही दिवस ते म्हणत, "काही नाही." त्यांनीच शिकवल्याप्रमाणे मी पुन्हा विचारत असे. परवा त्यांनी पुन्हा विचारायची वाट पाहिली नाही.

"काल संध्याकाळी गॅस बंद केला का नाही, ते आठवत नव्हतं," ते म्हणाले. "उठून पाह्यलं. बंद होता. पण आठवत नव्हतं, ते लिही."

मी लिहिलं. पुढं प्रश्नचिन्ह दिलं आणि सही केली.